पक्षपंधरवड्यातलं बीजगणित

आधी पत्र थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय ते.

“काकू नमस्कार, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, वय ३६, घरीच ब्लाऊज शिवते. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आता एनआयओएसमधून (मुक्त शाळा, घरी अभ्यास करून) दहावी करतेय, मीडियम हिंदी. गणिताचा पेपर २३ दिवसांवर आलाय. आता पक्ष लागलेत म्हणून शिवायला कपडे कमी येतात, थोडा वेळ मिळतो, पण एकदा घट बसले की मशीनवरून मान वर काढता येणार नाही. पुस्तक दोनदा वाचलं. सोडवलेली उदाहरणं बघताना सगळं कळतं आणि कोरा कागद घेतला की काहीच येत नाही. उत्तर शून्य आलं की वाटतं नक्की चुकलं. मुलगी १२ वर्षांची, सातवीत, ती म्हणते आई हे तर किती सोपं आहे, मग आणखीनच लाज वाटते. शेजारच्या ताई म्हणतात गेस पेपर पाठ कर. तीन गणितं सोडवून फोटो पाठवतेय. पहिल्यापासून सुरू करू की सोडून देऊ?”

अगं, सोडून कशाला द्यायचं. तुझे तिन्ही फोटो मी काल रात्री मोबाईलवर मोठे करकरून बघितले आणि पहिली गोष्ट ही सांगते की तू बीजगणितात कच्ची नाहीयेस, तुला तीन चुकीच्या सवयी लागल्यात, आणि त्या तिन्ही सवयी मी इथल्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवताना दरवर्षी बघितल्यात, चांगल्या हुशार मुलांच्या वहीतसुद्धा. सवयी मोडायला २३ दिवस पुष्कळ झाले. अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचायला मात्र ते कमी आहेत, म्हणून ते करूच नकोस. (तुझ्या पुस्तकात एक्स छापलंय, मी इथे क्ष लिहितेय, एकच ते.)

पहिला फोटो. ४क्ष + ७ = ३१. तू लिहिलंस ४क्ष = २४, इथपर्यंत अगदी बरोबर, आणि पुढच्या ओळीत क्ष = २४ − ४ = २०. हे कसं झालं ते मला माहितीये. कोणीतरी तुला सांगितलं की पक्ष (म्हणजे समीकरणाची बाजू) बदलला की चिन्ह बदलतं, तू ते मंत्रासारखं धरलंस, आणि ७ गेला तसा ४ पण उचलून पलीकडे नेलास आणि त्याला वजा लावलंस. आता हेच गणित तुझ्या मशीनजवळ आणते. पाकिटात ३१ हुक होते, चार ब्लाऊजना सारखेच हुक लावले आणि ७ उरले, तर एका ब्लाऊजला किती लागले? तू काय करशील, उरलेले ७ आधी बाजूला काढशील, राहिले २४, ते चार ब्लाऊजांत वाटशील, सहा-सहा. २४ मधून ४ वजा करायचं तुझ्या मनातही येणार नाही, कारण एका ब्लाऊजला वीस हुक नसतात हे तुझ्या हाताला माहितीये. क्षला ४ चिकटलाय तो गुणून चिकटलाय, म्हणून तो सुटणार भागूनच. ७ जोडून आलाय म्हणून तो वजा करूनच जाईल. चिन्ह बदलण्याचा यात काही संबंधच नाही, जे केलंय त्याच्या उलट करायचंय, बस.

आणि हे उलट करणं तू रोज करतेस. ब्लाऊजचा पुढचा भाग कापताना छातीच्या मापाचा चौथा हिस्सा घेतेस आणि त्यात दीड इंच धरतेस, ढिलाई-शिलाई मिळून (तुझा हिशोब पाव इंच इकडे-तिकडे असेल, चालेल). माप ३६ असलं तर ९ आणि दीड, साडेदहा. ३४ असलं तर साडेआठ आणि दीड, १०. आता मला सांग, कापलेला तुकडा साडेअकरा इंचाचा सापडला तर ते माप कितीचं? तू आधी दीड काढशील, राहिले १०, मग त्याची चौपट, ४०. आधी चौपट करून मग दीड काढलास तर साडेचव्वेचाळीस येईल आणि तूच म्हणशील हे कसं शक्य आहे. शिवताना जे शेवटी जोडलं ते उसवताना आधी निघतं, बाही शेवटी लावली असेल तर आधी बाहीच काढावी लागते. समीकरण सोडवणं म्हणजे हे उसवणंच आहे गं, क्षच्या अंगावर कोणी कोणी काय काय शिवलंय ते बघायचं आणि शेवटच्या टाक्यापासून उसवत यायचं. मी शिकवत असताना मला हे तुझ्यासारख्या शिवणाऱ्या बाईने सांगितलं असतं तर मी वर्गात हेच सांगितलं असतं.

फक्त एक गोष्ट उसवण्यात नसते आणि समीकरणात असते, ती म्हणजे दोन बाजू. मध्ये जे = आहे ना, ते चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या माणसाने पुस्तकात वापरलं, दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा, कारण त्याला वाटलं की याहून जास्त सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. मग डावीकडून ७ काढलेस तर उजवीकडूनही ७ काढायलाच हवेत, नाहीतर त्या रेघा खोट्या पडतात. ज्याला तुझ्या पुस्तकात पक्षांतर म्हटलंय ते एवढंच आहे, दोन्हीकडे एकच काम, आणि मधली ओळ न लिहिता उडी मारायची. बगदादला नवव्या शतकात अल-ख्वारिज्मीने या कामाला अल-जब्र म्हटलं, म्हणजे जे वजा झालंय ते भरून काढणं, आणि अल्जिब्रा हा शब्द तिथूनच आला. तर हे पंधरा दिवस तू पक्षांतर हा शब्द विसर आणि प्रत्येक ओळीशेजारी हिंदीत किंवा मराठीत लिही, दोन्हीकडून ७ वजा, दोन्हीकडे ४ ने भाग. वही जाड होईल, होऊ दे. पेपरात हे लिहिलंस तरी मार्क जात नाहीत, उलट तपासणाऱ्याला कळतं की हिने काय केलंय.

दुसरा फोटो, ५ − २(क्ष − ३) = १. तू कंस उघडलास आणि लिहिलंस ५ − २क्ष − ६ = १, आणि शेवटी क्ष = −१ आणलंस. कंसाच्या (तुझ्या पुस्तकातलं कोष्ठक) बाहेर जो −२ उभा आहे तो आतल्या दोघांनाही गुणतो, चिन्हासकट, तू क्षला बरोबर गुणलंस आणि ३ च्या पुढचा वजा तसाच ठेवून दिलास. बाड्यावरच्या, आपल्या बाजारातल्या, दुकानात जा. तुझ्याजवळ १००० रुपये आहेत, ३०० चा एक असे दोन ब्लाऊजपीस घेतलेस आणि दुकानदाराने प्रत्येकावर ३० सोडले. १००० − २(३०० − ३०). आधी सहाशे गेले, मग साठ परत मिळाले, हातात राहिले ४६०. तुझ्या पद्धतीने कंस उघडला तर १००० − ६०० − ६० = ३४०, म्हणजे सूट मिळाली आणि त्याच सुटीचे साठ तुझ्याच खिशातून गेले, एकूण १२० चा फटका. देण्यातून काही कमी झालं तर तो आपला फायदा असतो हे कोणत्याही संसार करणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही, आणि गणितातही हे असंच आलंय, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात अधिकच्या आकड्यांना धन आणि वजाच्या आकड्यांना ऋण म्हणूनच नियम दिलेत, आणि ऋण गुणिले ऋण धन हाही त्यातच आहे. म्हणून वजा गुणिले वजा अधिक हे पाठ करून डोकं दुखवण्यापेक्षा उधारी सुटली असं म्हण.

बरोबर असं होतं: ५ − २क्ष + ६ = १, म्हणजे ११ − २क्ष = १, म्हणजे २क्ष = १०, क्ष = ५.

आता इथे एक फार महत्त्वाची गोष्ट, ती तू एकाही फोटोत केलेली नाहीस. उत्तर आलं की ते मूळ ओळीत घालून बघायचं. −१ घालून बघ, कंसात −४, त्याला −२ ने गुणलं ८, आणि ५, झाले १३. पाहिजे होता १. अर्ध्या मिनिटात तुला कळलं असतं की कुठेतरी टाका चुकलाय. पहिल्या गणितातही तसंच, २० घातलं तर ८० आणि ७, ८७, कुठे ३१ आणि कुठे ८७. आणि घालायचं ते पेपरात छापलेल्या ओळीत, आपण लिहिलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नाही, कारण चूक दुसऱ्या ओळीत झाली असेल तर तिसरी ओळ त्या चुकीलाच हो म्हणेल.

तिसरा फोटो बघून मला हसू नाही आलं, कारण ही चूक मी कॉलेजात शिकणाऱ्यांकडूनही होताना बघितलीये. (क्ष + ५) चा वर्ग = क्ष वर्ग + २५. एक चौकोनी कापड घे, चारही बाजू क्ष + ५. कडेपासून ५ सोडून एक आडवी आणि एक उभी रेघ मार, खडूने, आणि काप. किती तुकडे झाले? चार. एक मोठा चौकोन, एक लहान पाच बाय पाचचा, आणि दोन लांब पट्ट्या, ५ रुंद आणि क्ष लांब. तू मोठा चौकोन घेतलास, छोटा घेतलास आणि दोन पट्ट्या कचऱ्यात टाकल्यास! त्या दोन पट्ट्या म्हणजे १०क्ष. पुस्तकात ज्याला सर्वसमिका म्हणतात, आपल्या मराठीत नित्यसमानता, ती ही एवढीच आहे, दोनदा कापड कापून बघितलंस की परत पाठ करावी लागणार नाही. शंका आली तर क्षच्या जागी १० घाल, १५ चा वर्ग २२५, तुझ्या सूत्राने १०० आणि २५, १२५. शंभर कमी पडले, ते त्या पट्ट्यांचे. पारख करायला शून्य मात्र घेऊ नकोस कारण शून्य घातलं तर तुझं चुकलेलंही बरोबर दिसतं, आणि १ आणि २ हेही फसवतात, २ अधिक २ पण ४ आणि २ गुणिले २ पण ४. तीन घे, दहा घे. याच पारखीने (क्ष + ६) भागिले ६ मध्ये वरचा-खालचा ६ खोडायची सवय जाते, क्ष १२ धर, १८ भागिले ६ झाले ३, खोडलास तर १२ उरतील, म्हणजे खोडता येत नाही.

शून्याचं तू लिहिलंस ना, त्यावर जरा थांबते कारण तू ग्वाल्हेरची आहेस. आपल्या किल्ल्यावर ग्वाल्हेर गेटकडून पायी चढताना वाटेत एका अखंड दगडात कोरलेलं छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, बरेच लोक त्याच्यासमोरून पुढे निघून जातात. त्यातल्या शिलालेखात, इसवी सन ८७६ चा आहे तो, देवळाच्या फुलबागेसाठी जमीन दिल्याचं लिहिलंय, २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोजच्या ५० माळांची सोय, आणि त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण लिहितो तसंच गोल कोरलेलं आहे, हिंदुस्थानात दगडावर कोरलेल्या अगदी जुन्या शून्यांपैकी ते एक. जगभरचे गणितवाले ते बघायला येतात आणि तू लष्करात बसून शून्याला घाबरतेस, असं नको गं. शून्य हे धडधाकट उत्तर आहे. ३क्ष + ५ = ५ याचं उत्तर शून्यच, घालून बघ. शून्याशी एकच गोष्ट करायची नाही, त्याने भागायचं नाही. आणि उत्तर शून्य आलं की चुकलं का नाही हे मूळ ओळच सांगेल, आपल्या छातीतली धडधड नाही. त्या बागेचं क्षेत्रफळही करून बघ, २७० × १८७ अंगावर येतं, पण १८७ म्हणजे २०० − १३, मग २७०(२०० − १३), ५४,००० मधून ३,५१० गेले, ५०,४९० चौरस हात. कंस उघडणं हे असं कामाला येतं, पेपरात कॅल्क्युलेटर नसताना तर फारच.

आता कोरा कागद आणि काहीच न येणं. दुसऱ्याने सोडवलेलं उदाहरण वाचताना कळतं कारण पुढची ओळ काय लिहायची हे त्याने आधीच ठरवलेलं असतं, तुला फक्त मान डोलवायची असते. कोणी ब्लाऊज कापताना शेजारी बसून बघितलं म्हणून कैची हातात बसत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहिती असणार. म्हणून आता वाचणं बंद. उदाहरणाचा प्रश्न बघ, खालचं उत्तर हाताने झाक, दोन ओळी स्वतः लिही, मग हात एक ओळ खाली सरकव, जुळलं तर पुढे, नाही जुळलं तर थांबून बघ का नाही जुळलं.

आणि एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने करू नकोस. चौथ्या-पाचव्यापासून हात चालतो आणि डोकं थांबतं, कारण कोणती पद्धत लावायची ते शोधावंच लागत नाही, धड्याच्या नावावरूनच कळलेलं असतं. पेपरात धड्याचं नाव छापलेलं नसतं ना. मी म्हणेन सुरुवातीचे चार-पाच दिवस एकेक प्रकार घे आणि मग सगळं मिसळून टाक, पुस्तकातल्या वेगवेगळ्या धड्यांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरव, डब्यात टाक, रोज आठ चिठ्ठ्या काढ, येईल ते सोडव. सुरुवातीला जास्त चुकतं म्हणून वाईट वाटेल, वाटू दे, पेपरात असंच मिसळून येणार आहे.

चिठ्ठी उघडली की पहिलं काम म्हणजे प्रश्नातला शेवटचा शब्द वाचणं. तुझा पेपर हिंदीत आहे. ‘सरल कीजिए’ म्हटलं असेल तर फक्त आवरायचं आहे, सारखी पदं एकत्र करायची, तिथे = नाही आणि क्षची किंमतही काढायची नाही, कितीतरी जण मनानेच = ० लिहून क्ष काढत बसतात आणि मार्क घालवतात. ‘हल कीजिए’ म्हटलं तर समीकरण आहे, उसवायला घे. ‘गुणनखंड कीजिए’ म्हणजे आपले अवयव, क्ष वर्ग + ७क्ष + १२ आलं तर असे दोन आकडे शोधायचे की ज्यांची बेरीज ७ आणि गुणाकार १२, तीन आणि चार, मग (क्ष + ३)(क्ष + ४), आणि परत गुणून बघायचं. ‘मान ज्ञात कीजिए’ असेल आणि क्षची किंमत दिलेली असेल तर नुसती घालायची आहे, पण वजाची किंमत घालताना कंसात घाल, नाहीतर −३ चा वर्ग −९ होऊन बसतो आणि तो ९ असतो.

सारखी पदं कशी ओळखायची यात गोंधळ होत असेल तर आपल्या जुन्या गणितींची युक्ती बघ. ते अज्ञाताला यावत्तावत् म्हणायचे आणि थोडक्यात ‘या’ लिहायचे, अज्ञात एकाहून जास्त असले की दुसऱ्याला काळ्या रंगावरून कालक, तिसऱ्याला नीलक, म्हणजे ‘का’, ‘नी’, आणि नुसत्या आकड्याला रूप, म्हणून ‘रू’. या पाच रू तीन, म्हणजे ५क्ष + ३. तुझ्याकडे काळ्या दोऱ्याची पाच रिळं आणि निळ्याची तीन असतील तर काळी-निळी मिळून आठ रिळं म्हणशील, पण आठ काळी नाही म्हणणार. म्हणून ५क्ष + ३ चे ८क्ष होत नाहीत.

अपूर्णांकावर फार लिहीत नाही कारण टेप हातात धरणाऱ्या बाईला पाव-अर्धा-पाऊण सांगायला नको, माझे वडील संध्याकाळी दिवा लागला की पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणून घ्यायचे, तेव्हा मला ते जमलं, तुझ्या तर बोटांतच आहे. एकच सांगते, क्ष भागिले ३ अधिक क्ष भागिले ४ = ७ असं आलं की सगळ्यांना १२ ने गुण, सगळ्यांना म्हणजे उजवीकडच्या ७ लाही, तोच बिचारा नेहमी राहून जातो. ४क्ष + ३क्ष = ८४, क्ष = १२.

शाब्दिक गणितं तू पाठवली नाहीस, म्हणजे ती तू सोडून देतेस असं मी समजते. सोडू नकोस, तुझंच गणित करते. तू ३६ ची, मुलगी १२ ची. समज हे आपल्याला माहिती नाही आणि पेपरात आलंय की आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. पहिल्यांदा प्रश्न हिंदीत वाच, मग पुस्तक बंद करून स्वतःला मराठीत सांग, मोठ्याने, कारण तू विचार मराठीत करतेस. मग विचार, कोणाचं वय कळलं की सगळं कळेल? मुलीचं. ते क्ष. आई ३क्ष. बारा वर्षांनी आई ३क्ष + १२, आणि मुलगी क्ष + १२, तीही मोठी होणारच ना, इथेच बहुतेक जण तिला विसरतात आणि दुप्पट करताना नुसत्या क्षची करतात, ३क्ष + १२ = २क्ष + १२, मग क्ष शून्य येतं. शून्य हे चांगलं उत्तर असलं तरी इथे मुलीचं वय शून्य म्हणजे आईचंही शून्य, तेव्हा इथे ते चालणार नाही, मागे जाऊन बघायचं. बरोबर ओळ ३क्ष + १२ = २(क्ष + १२). कंस उघड, २क्ष + २४, दोन्हीकडून २क्ष काढ, दोन्हीकडून १२ काढ, क्ष = १२. तू ४८ ची होशील तेव्हा ती २४ ची, दुप्पट. ‘किसी संख्या के दुगुने से 5 कम’ असं आलं की डावीकडून उजवीकडे शब्दाला शब्द लिहीत जाऊ नकोस, आधी दुप्पट, त्यातून ५ काढले, २क्ष − ५. खात्री नसेल तर संख्या १० धर, दुप्पट २०, पाच कमी १५, आणि मग १० च्या जागी क्ष ठेव.

आता दिवसांचं बघू. पक्षाचे पंधरा दिवस हे तुझे खरे दिवस आहेत, पुढचे आठ दिवस मशीनचे. म्हणून सगळं शिकणं आधी उरक आणि नवरात्रासाठी फक्त हात चालू ठेवायचं काम ठेव. उद्याच वीस मिसळलेली गणितं घे, एक तास, पुस्तक बंद, आणि सोडवून झाल्यावर चुकलेल्यांचे तीन ढीग कर, हिशोबात किंवा चिन्हात चुकलं ते एक, पद्धतच आठवली नाही ते दुसरं, प्रश्नच कळला नाही ते तिसरं. मला वाटतं तुझा पहिला ढीग सगळ्यात मोठा निघेल आणि ती आनंदाची गोष्ट आहे कारण तो सगळ्यात लवकर कमी होतो. चुकांसाठी वेगळी वही कर, डाव्या पानावर चुकलेलं जसंच्या तसं, उजव्या पानावर बरोबर, आणि खाली एका ओळीत काय चुकलं ते, ‘कंसातल्या दुसऱ्याचं चिन्ह राहिलं’ असं. तीन दिवसांनी उजवं पान झाकून परत सोडव. घरी ज्या दिवशी पक्षाचा स्वयंपाक असेल त्या दिवशी सुट्टी घे, उगाच रात्री अकराला वही उघडून रडत बसू नकोस. मागच्या वर्षांचे दोन पेपर पंधरवड्याच्या शेवटी शेवटी घड्याळ लावून पूर्ण सोडव, त्यात बीजगणित सोडून बाकीचंही येईल, येऊ दे. नवरात्रात रोज अर्धा तास, चार चिठ्ठ्या आणि चुकांच्या वहीतली दोन पानं, सकाळी मशीनवर बसायच्या आधी, कारण संध्याकाळी गिऱ्हाइकं उठू देणार नाहीत. आणि पेपराच्या आदल्या दिवसाची कापडं आत्ताच घेऊ नकोस, बायकांना आजच सांगून ठेव की त्या दिवशी मिळणार नाही. हे तुला कठीण जाईल हे मला माहितीये, तरी सांग.

गेस पेपर घेऊ नकोस. पास व्हायला ३३ टक्के लागतात, ते गेसवर येतीलही किंवा येणार नाहीत, पण त्यातलं गणित आकडे बदलून आलं की पाठ केलेल्याला काही सुचत नाही, आणि तू तर नुसती पास होण्यासाठी एवढ्या वर्षांनी वही घेऊन बसलेली नाहीस, तुझ्या अक्षरावरून दिसतं ते, एकही ओळ गिचमिड नाही.

मुलीचं म्हणशील तर तिला वाईट बोलायचं नसतं, बारा वर्षांच्या मुलीला जे येतं ते आईलाही यावं असं तिला वाटतं, बस. तिला एक काम दे. रोज पंधरा मिनिटं तिने समोर बसायचं आणि तू तिला एक गणित समजावून सांगायचं, तिने मध्ये उत्तर द्यायचं नाही, फक्त तू जिथे थांबशील तिथे विचारायचं, “असं का केलंस?” एवढंच. जिथे तुला का ते सांगता येणार नाही तिथे पेन्सिलने खूण कर, दुसऱ्या दिवशी तेच आधी घ्यायचं. तीही शिकेल, पुढच्या वर्षी हेच तिला येणार आहे.

आज रात्रीसाठी तीन देते. ७ − ३(क्ष − ४) = १. मग (क्ष + ७) चा वर्ग, कापड कापून. आणि तिसरं, पाकिटातल्या हुकांपैकी पाच ब्लाऊजना सारखे लावले, ८ उरले, पाकिटात ३८ होते. उत्तरं मी खाली लिहीत नाहीये, मूळ ओळीत घालून तूच ठरव बरोबर आहेत की नाही, आणि वीस गणितांचे तीन ढीग झाले की त्यांचे फोटो पाठव, विशेषतः तिसऱ्या ढिगाचे.